एका पगाराचे घर आणि आयकराची सवलत

दरवर्षी केंद्र सरकारचा अर्थसंकल्प जवळ आला की एक मागणी वर्तमानपत्रांत हमखास वाचावयास मिळते. ज्या घरात नवरा-बायकोपैकी एकच जण कमावतो आणि दुसरा घरी राहून मुलांना वाढवतो, म्हाताऱ्या माणसांचे दुखणे-खुपणे पाहतो, त्या घराला आयकरात खास सवलत मिळावी, अशी ती मागणी. २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी चार्टर्ड अकाउंटंट मंडळींच्या अखिल भारतीय संस्थेनेही सरकारला सुचवले होते की, नवरा-बायकोची इच्छा असल्यास दोघांचे मिळून एकच विवरणपत्र भरण्याची मुभा द्यावी. त्या अर्थसंकल्पात ही सूचना मान्य झाली नाही. मागणी मात्र थांबलेली नाही.

हा प्रश्न साहेब लोकांचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. दोन पिढ्यांपूर्वी आपल्या वस्तीत आयकर हा शब्द सहसा ऐकू येत नसे. बाप गिरणीत, गोदीत नाहीतर नगरपालिकेच्या सफाई खात्यात; आयकर भरायचा तो शेटजीने. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या शिक्षणाच्या आणि राखीव जागांच्या बळावर पुढची पिढी बँकेत, रेल्वेत, पोस्टात, शाळेत लागली. आज विहारात वंदना आटोपली की एखादा तरुण फॉर्म १६ पुढे करतो आणि विचारतो, "काका, माझी मिसेस नोकरी करत नाही, तर तिच्या नावाने मला काही सूट बसते का?" याचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. पण ती बसावी की नाही, आणि बसली तर तिचा पैसा कोणाच्या पदरात पडेल, याला थोडा हिशेब मांडावा लागतो.

प्रथम मागणी करणाऱ्यांची बाजू पाहू, कारण ती अगदीच पोकळ नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याच्यासाठी ही रेघ पावणेतेरा लाखांवर जाते. आता एका मजल्यावरची दोन घरे घ्या. पहिल्या घरात नवरा एकटा कमावतो, वर्षाचा पगार १५ लाख. वजावट जाऊन उरले १४ लाख २५ हजार. पहिल्या चार लाखांवर काही नाही. पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के म्हणजे ४० हजार, आणि उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्के म्हणजे ३३,७५०. बेरीज झाली ९३,७५० रुपये, आणि ४ टक्के उपकर धरून ९७,५०० रुपये. शेजारच्या घरात नवरा-बायको दोघेही नोकरीला, प्रत्येकाचा पगार साडेसात लाख. दोघांचे मिळून तेच १५ लाख, पण कर शून्य.

घरात येणारा पैसा सारखाच, खाणारी तोंडे तेवढीच, आणि एका घराला पाऊण लाखाहून अधिक, जवळजवळ लाखभर रुपयांचा फटका. एकटा कमावणारा चिडला तर त्याचे काय चुकले?

असे होते याचे कारण साधे आहे. आपला आयकर माणसावर बसतो, घरावर बसत नाही. बायकोला कमाई नसेल तर तिच्या नावाची करमुक्त मर्यादा वाया जाते. ती नवऱ्याला वापरता येत नाही. कोणी हुशारी करून आपले पैसे बायकोच्या नावाने ठेवीत गुंतवले, तर त्याचे व्याज कायद्याने पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. एक वाट मात्र कायद्याने मोकळी ठेवली आहे, ती म्हणजे 'हिंदू अविभक्त कुटुंब'. त्या कुटुंबाला स्वतःचे वेगळे पॅन कार्ड आणि वेगळी करमुक्त मर्यादा मिळते. बौद्ध, जैन व शीख कुटुंबेही त्यातच धरली आहेत. (धर्मांतर करूनसुद्धा कायद्याच्या पुस्तकात आपल्याला 'हिंदू' या शब्दाखाली बसावे लागते, हे दुखणे जुने आहे, त्याविषयी पुन्हा केव्हातरी.) पण नोकरीचा पगार त्या खात्यात दाखवता येत नाही. त्याला वडिलोपार्जित जमीनजुमला, वाडा, दुकान लागते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना महारकीच्या वतनापलीकडे काही मिळाले नाही, त्यांच्या नातवांनी त्या कुटुंबात काय टाकावे? तेव्हा तीही सोय ज्यांच्याकडे पिढीजात आहे त्यांचीच.

सरकारने घराकडे कधी पाहिलेच नाही असे मात्र नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात विवाहितांसाठी करमुक्त मर्यादा २,००० रुपये आणि अविवाहितांसाठी १,००० रुपये, असा भेद प्रथमच केला गेला. पुढे तो मागे पडला. २००५-०६ साली कमावत्या स्त्रियांना वेगळी मर्यादा मिळाली. इतरांना एक लाख, तर स्त्रियांना १ लाख ३५ हजार. २०११-१२ पर्यंत हा फरक कमी होत होत १० हजारांवर आला आणि २०१२-१३ पासून मर्यादा सर्वांना सारखी झाली. म्हणजे घरात बसलेल्या बायकोसाठी सूट दिली आणि काढली, नोकरीवरच्या बाईसाठी दिली आणि काढली. दोन्ही वेळा कष्टकऱ्यांच्या घरात त्याचा आवाजही पोचला नाही, कारण त्या घरांचे उत्पन्न मुळात करपात्रच नव्हते.

आमचा पहिला आक्षेप येथेच आहे. करातील सवलत मिळण्यासाठी आधी कर भरावा लागतो. एका पगाराच्या घराला उद्या २५ हजारांची सूट जाहीर झाली, तर ती कोणाला मिळेल? वर्षाला पावणेतेरा लाखांच्या वर पगार असलेल्याला. ज्याला २० लाख पगार आहे त्याला पुरी मिळेल, १३ लाखवाल्यालाही मिळेल, आणि महिना २२ हजारांवर कंत्राटी काम करणाऱ्या आपल्या बांधवाला एक छदामही मिळणार नाही. त्याची बायको तर अधिक राबते. तिच्याकडे ना वॉशिंग मशीन, ना वरकामाची बाई. पहाटे नळाला पाणी येते तेव्हा उठायचे, हंडे-कळशा भरायच्या, स्टोव्ह किंवा गॅस, डबे, पोरांची शाळा, सासूची औषधे. घरी राहून मुले वाढवण्याची किंमत करायची असेल तर ती या माउलीपासून सुरू व्हायला हवी. करसवलतीची वाट तर तिच्या दारावरून न थांबता पुढे जाते.

या २२ हजारवाल्याची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. त्याचे वर्षाचे उत्पन्न होते २ लाख ६४ हजार. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली लाडकी बहीण योजना सुरू केली. त्यात २१ ते ६५ वयाच्या स्त्रीला महिना १,५०० रुपये ठरले, पण कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे आणि घरात कोणी आयकर भरणारा नसावा. आपल्या या बांधवाची पत्नी १४ हजार रुपयांनी त्या रेघेबाहेर राहते. करसवलत आली तर तीही त्याला नाही, कारण करपात्र व्हायला त्याला अजून दहा लाख कमवावे लागतील. अडीच लाख आणि पावणेतेरा लाख यांच्या मधल्या पट्ट्यात वॉचमन आहेत, रिक्षावाले आहेत, खासगी शाळांतले शिक्षक आहेत, कुरिअरची आणि मॉलमधली पोरे आहेत, नव्याने लागलेला कारकून आहे. आपला समाज मोठ्या संख्येने आज याच पट्ट्यात आहे. खालून येणारी मदत आणि वरून मिळणारी सूट, दोन्ही त्याला चुकवून जातात. अर्थसंकल्पाची चर्चा करणाऱ्या विद्वानांनी या पट्ट्याविषयी लिहावे अशी आमची फार इच्छा आहे.

आणि हा माणूस कर भरत नाही असे तरी कोठे आहे? साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जी.एस.टी. होता, नंतर तो ५ टक्के झाला. हा कर १५ लाखवाल्यालाही तेवढाच आणि २२ हजारवाल्यालाही तेवढाच. पाच माणसांच्या घरात एक पगार असेल तर त्या पगारातला मोठा भाग किराण्यात आणि शाळेच्या सामानात जातो, म्हणजे कराचा हिस्साही मोठाच पडतो. एका पगाराच्या घराला सूट द्यायची तर ती आधी येथे द्यावी, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

अर्थशास्त्राची सर्वांत मोठी पदवी ज्यांच्याकडे होती त्यांनीही हेच सांगितले होते. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेब अर्थसंकल्पावर बोलले. त्यांनी शेतसारा आणि आयकर शेजारी ठेवून दाखवले की, आयकर भरणाऱ्याला ठराविक उत्पन्नापर्यंत सूट आहे, पण शेतकऱ्याची जमीन गुंठाभर असो की शेकडो एकर, पीक येवो न येवो, सारा भरावाच लागतो. कर हा ऐपतीप्रमाणे असावा, हा त्यांचा मुद्दा होता. १५ लाखवाल्याचे ९७,५०० रुपये हा त्याच्यावरचा अन्याय असेल, पण त्याच्या ऐपतीबाहेरचे ते खचित नाहीत. सरकारने आधी कोणाकडे पाहावे हे या कसोटीवर ठरते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. तो घरातला आहे, म्हणून आमच्या पुरुष वाचकांनी रागावू नये. सवलत मिळते ती कोणाच्या हातात? नवऱ्याच्या. त्याच्या पगारातून कपात कमी होईल, त्याच्या खात्यात चार पैसे जास्त पडतील. ज्या कामासाठी सूट मिळाली ते काम बायकोचे, आणि पैसा मात्र नवऱ्याच्या पाकिटात! घरोघरीचे नवरे तो पैसा घरातच खर्च करतात असे मानले, तरी तिला तो मागावा लागणार. जर्मनीत १९५८ पासून नवरा-बायकोचे उत्पन्न एकत्र करून, दोन समान भाग पाडून कर लावतात. त्यात सर्वांत जास्त फायदा होतो तो एकाचा पगार भरघोस आणि दुसऱ्याचा शून्य असलेल्या घराला. बायकोने अर्धवेळ नोकरी धरली की फायदा घटतो, म्हणून ही पद्धत बायकांना घरात बसवते अशी टीका तेथेच होत आली आहे. इंग्लंडने २०१५ पासून जरा बेताने केले. कमी कमावणाऱ्या जोडीदाराच्या सवलतीतला १,२६० पौंडांपर्यंतचा भाग दुसऱ्याच्या नावे करता येतो, वर्षाला २५२ पौंडांपर्यंत वाचतात, आणि वरच्या दराने कर भरणाऱ्याला तो लाभ नाही. आपल्याकडे कोणी अशी योजना आणणारच असेल तर निदान वरची रेघ तरी इंग्लंडसारखी ओढावी.

तिसरी गोष्ट. दोन पगारांच्या घराला शून्य कर लागला म्हणून ते घर चैनीत आहे, असा समज वरच्या हिशेबातून होईल. तो खरा नाही. दोघे बाहेर पडतात तेव्हा पाळणाघराचे पैसे, दोन रेल्वे पास, मुलांची शिकवणी आणि बाईची दुसरी पाळी. कारण ऑफिस सुटल्यावर स्वयंपाक तिलाच करायचा असतो. उलट एका पगाराच्या घरात दिवसभर जे काम होते, घरचे ताजे जेवण, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा, ते पैशात मोजले तर त्या घराची दुसरी कमाईच म्हणायची, आणि तिच्यावर कोणी कर मागत नाही. म्हणून ही दोन घरे तंतोतंत सारखी नाहीत. शेजाऱ्याचा शून्य पाहून जळण्याआधी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आपल्या समाजात तर 'घरी बसणारी बाई' ही कल्पनाच अलीकडची. आपल्या आया-आज्या गिरणीत वाइंडिंग-रिळिंगला होत्या, रस्त्यावर खडी फोडत होत्या, झाडूवर होत्या, विड्या वळत होत्या. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळपासून वरळी-डिलाइल रोडपर्यंत किती घरांत नवरा घरी आणि बायको चार घरची धुणी-भांडी करायला बाहेर, असे चित्र होते! मुलांना शाळेत सोडणारा, रॉकेलच्या रांगेत उभा राहणारा तो बाप हाही घर सांभाळणाराच होता. त्याला कोणी तसे म्हटले नाही, तो 'बेकार' म्हणून गणला गेला. आजही ज्यांना आपण गृहिणी म्हणतो त्या दुपारी पाय पसरून बसलेल्या नसतात. कोणी साड्यांना फॉल-बीडिंग करते, कोणी इमिटेशनचे मणी ओवते, कोणी पापड लाटते. डझनावर मिळणारे ते पैसे कोणत्याही कागदावर येत नाहीत.

कागदावर येत नाही म्हणून ते काम नव्हे, हीच तर मूळ गोम आहे. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत दिसले की, घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, आणि जे पुरुष असे काम करतात ते ८८ मिनिटे. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करण्याचा वेळ याहून वेगळा. २८९ मिनिटे म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त, आणि त्याला रविवार नाही. २००१ च्या जनगणनेत मात्र घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी आणि कैदी यांच्या पंगतीला बसवून 'काम न करणारे' म्हटले होते. यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कडक शब्दांत नापसंती दाखवली. अपघाताच्या खटल्यांत न्यायालयांना नाइलाजाने का होईना, या कामाची किंमत करावीच लागते. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका कार्यक्रमात लागलेल्या आगीत मेलेल्या गृहिणींच्या कामाचे मोल २००१ च्या निकालात महिना ३,००० रुपये धरले गेले. पुढे दिल्लीतल्या एका अपघातात नवरा-बायको दोघेही गेले आणि लहान मुली मागे राहिल्या. त्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई २२ लाखांवरून ३३ लाख २० हजारांवर नेली आणि गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरणे हा तिच्या श्रमांचा मान आहे, असे सविस्तर सांगितले. बाई मेल्यावर तिच्या कामाची किंमत सरकारी कागदावर येते. ती जिवंत असताना का येऊ नये?

आमच्या वाचकांना हे समजवायला न्यायालयाची गरज पडू नये. बाबासाहेब परदेशी शिकत असताना माता रमाईंनी जो संसार रेटला, तो कोणत्या पगारपत्रकावर होता? १९४० च्या सुमारास निघालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या दिवंगत 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला. ही त्या श्रमांची पोच होती असे आम्ही समजतो. तथागतांनीही सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला पत्नीविषयीची पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत तिचा मान राखणे आणि घरातला अधिकार तिच्या हाती देणे ही दोन आहेत. पत्नीने कमाई जपावी, काम दक्षतेने करावे हेही तेथे आहे. व्यवहार दोन्ही बाजूंचा आहे, एकाने द्यायचे आणि दुसऱ्याने उपकार मानायचे असा नाही.

मग सरकारने करावे काय? येथेही बाबासाहेबांचे एक भाषण उपयोगी पडते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकावर ते बोलले. बाळंतीण बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बोजा मुख्यतः सरकारने उचलायला हवा, पण मालकालाही तिच्या श्रमाचा फायदा होतो म्हणून त्यानेही आपला वाटा द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मूल वाढवणे हा नवरा-बायकोचा खासगी मामला आहे, असे ते म्हणाले नाहीत. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. हेच सूत्र आजच्या प्रश्नाला लावले तर आयकराच्या विवरणपत्रातली एक ओळ फार तोकडी वाटते.

गोव्यात २०१२ पासून गृह आधार योजनेखाली गृहिणींना दरमहा रक्कम मिळते. तामिळनाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये घरच्या कर्त्या बाईला महिना १,००० रुपये सुरू केले आणि नावातच 'उरिमै' म्हणजे हक्क हा शब्द घातला. आपली लाडकी बहीण त्यानंतरची. या योजनांत दोष पुष्कळ आहेत. निवडणुकीच्या तोंडावर उदार होणे आणि नंतर छाननीची कात्री लावणे हा त्यांतला ठळक. परंतु दोन गोष्टी त्यांनी बरोबर केल्या. पैसा बाईच्या स्वतःच्या खात्यात जातो, आणि बाई धुणी-भांडी करायला बाहेर जाते की घरी राहते हे विचारले जात नाही. घरकाम दोघीही करतात, मग भेद कशाला? आम्हांस खटकते ते त्या योजनेचे बहिणीचे नाते. भाऊ ओवाळणी देतो ती त्याच्या मर्जीची असते. श्रमाचा मोबदला हा मर्जीचा विषय नाही. उत्पन्नाची रेघही अडीच लाखांवर एकदम तुटण्याऐवजी उतरती असावी. २ लाख ६४ हजारवाल्याच्या घरी १,५०० नाही तरी हजार जावेत, चार लाखवाल्याकडे पाचशे जावेत. जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा अशी उतरंड आपल्या लोकांच्या अधिक उपयोगाची आहे.

पाळणाघराचा प्रश्न तर याहून मोठा. २०१७ साली कायदा बदलून ५० किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या जागी पाळणाघराची सक्ती झाली. पण चार घरची कामे करणाऱ्या मोलकरणीचा मालक कोण, आणि त्याच्याकडे ५० माणसे कोठून येणार? अंगणवाडी दुपारी बंद होते. तीन वर्षांच्या पोराला आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर देऊन आई कामावर जाते, आणि बहिणीची शाळा बुडते. कित्येक जणी याच कारणाने काम सोडून घरी राहतात. त्यांना 'घरी राहण्याची निवड केलेल्या माता' म्हणून सवलत देणे ही थट्टाच होईल. वस्तीतली अंगणवाडी संध्याकाळी सहापर्यंत चालवा, बाईंचे मानधन त्या मानाने वाढवा, मग कोणाला घरी राहायचे आणि कोणाला नाही हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

एका ठिकाणी मात्र आम्ही करसवलतीच्या बाजूने आहोत. घरात अपंग मूल असेल तर आई किंवा बाप यांपैकी एकाला नोकरी सोडावीच लागते, तेथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. अशा अवलंबित व्यक्तीसाठी जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची, आणि अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. नव्या प्रणालीत ती नाही. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी डोळे मिटून नवी प्रणाली घेऊ नये. पगार पावणेतेरा लाखांच्या वर असेल तर दोन्हीकडचा हिशेब कागदावर करून पाहावा. ही वजावट नव्या प्रणालीत आणावी, या मागणीवर आपल्या कर्मचारी संघटनांनी तरी एक होण्यास हरकत नाही. दुसरी अशीच मागणी निवृत्तिवेतनाची. जर्मनीत १९९२ नंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षे, मूल वाढवणाऱ्याच्या पेन्शनच्या हिशेबात धरतात. आपल्याकडे जन्मभर घर सांभाळलेल्या बाईला म्हातारपणी नवऱ्याचे कुटुंब-निवृत्तिवेतन, तेही नोकरी पेन्शनीची असेल तर. नसेल तर श्रावणबाळ योजनेच्या रांगेत उभे राहायचे.

कायदे बदलतील तेव्हा बदलतील. तोवर घरातल्या घरात जे करता येते त्यासाठी अर्थमंत्र्यांची वाट पाहायला नको. नवऱ्याला करच लागत नसेल, तर बायकोच्या नावाने पोस्टात पैसे ठेवायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही. व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवले तरी कर शून्यच राहतो. कर लागत असेल तरी तिच्या नावाच्या पी.पी.एफ. खात्याचे व्याज करमुक्त आहे. रेशनकार्डावर घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख, असे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा सांगतो. आपल्या कार्डावर काय लिहिले आहे ते एकदा काढून पाहावे. आणि ज्यांचे खोली घेण्याचे चालले आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की, महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहते घर केवळ स्त्रीच्या नावाने खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. तीस लाखांच्या घरावर ती तीस हजार होते. करारनामा टाइप करायला देण्याआधीच नाव कोणाचे हे ठरवावे लागते. नंतर वकिलाकडे जाऊन उपयोग होत नाही.